विल्यम मॉरिस स्ट्युअर्ट : खाणवाल्यांचा वकील, सिनेटमधला कायदेकर्ता

वैनतेय

अमेरिकेच्या पश्चिम भागात केंद्र सरकारच्या जमिनीवर सोने, चांदी किंवा तांबे शोधणाऱ्याचा हक्क आजही मुख्यतः १८७२ सालच्या कायद्याने ठरतो, आणि त्या कायद्याखाली काढलेल्या धातूवर सरकारला स्वामित्वधन (रॉयल्टी) द्यावे लागत नाही. खनिज तेल १९२० साली या व्यवस्थेतून काढून भाडेपट्ट्याखाली आणले गेले, परंतु धातूंच्या बाबतीत तसा बदल करण्याचे प्रयत्न वेळोवेळी होऊनही फसले. या कायद्यामागे ज्याचा हात सर्वांत मोठा होता, त्या विल्यम मॉरिस स्ट्युअर्टविषयी मराठीत फारसे काही वाचनात आले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. स्ट्युअर्ट कायदेमंडळात गेला तरी त्याने वकिली कधीच सोडली नाही. ज्या पक्षकारांची बाजू त्याने न्यायालयात मांडली त्यांच्याच गरजेचे कायदे त्याने पुढे केले, ते विलक्षण कौशल्याने केले, आणि जिथे त्याला पक्षकार उरला नाही तिथे त्याने आपली जुनी भूमिका फारशी खंत न बाळगता सोडून दिली.

त्याचा जन्म १८२७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या वेन काउंटीत झाला आणि बालपण ओहायोत गेले. येल महाविद्यालयातले शिक्षण अर्धवट टाकून तो १८५० मध्ये पनामामार्गे कॅलिफोर्नियाला पोहोचला. तिथल्या नेवाडा सिटी नावाच्या गावाजवळ (हे गाव कॅलिफोर्नियात आहे, आजच्या नेवाडा राज्यात नव्हे) त्याने आधी स्वतः सोने शोधले, पाण्याचा चर खणवला आणि थोडा पैसा गाठीशी बांधला. १८५२ मध्ये त्याने जॉन मॅकॉनेल या वकिलाच्या हाताखाली कायद्याचा अभ्यास केला, त्याच वर्षी सनद मिळवली आणि लगेच काउंटीचा सरकारी वकील झाला. दोन वर्षांनी मॅकॉनेलच्या गैरहजेरीत त्याने कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलचे कामही काही काळ पाहिले. पुढे मिसिसिपीचा माजी गव्हर्नर हेन्री फूट याच्याशी त्याने सॅन फ्रान्सिस्कोत भागीदारी केली आणि १८५५ मध्ये त्याच्या मुलीशी विवाह केला.

त्या काळात खाणवाल्यांची कायदेशीर स्थिती अगदी चमत्कारिक होती. जमीन केंद्र सरकारची होती, तिच्यातून धातू काढण्याची परवानगी देणारा कायदा नव्हता, त्यामुळे काटेकोर पाहिले तर कॅलिफोर्नियातला प्रत्येक खाणवाला अतिक्रमण करणारा ठरत होता. ही उणीव छावण्यांनी स्वतःच भरून काढली. खाणवाले सभा भरवत, आपला ‘खाण जिल्हा’ जाहीर करत, एका माणसाला किती फूट जागा मिळेल आणि किती दिवस काम थांबले की दावा जाईल हे ठरवत आणि एक नोंदणीदार निवडून त्याच्या हाती वही देत. या वहीचे पावित्र्य मात्र बेताचेच असे. नेवाडातल्या गोल्ड हिल येथे सुरुवातीची नोंदवही दारूच्या गुत्त्यात फळीवर ठेवलेली असे, ज्याला हवी तो ती काढून पाहत असे, आणि नोंदींत खाडाखोड झाल्याच्या तक्रारी नंतर न्यायालयात आल्या. हा सगळा मामला स्ट्युअर्टने खड्ड्यात उभा राहूनही पाहिला होता आणि वकिलाच्या टेबलावरूनही.

१८५९ मध्ये सिएरा नेवाडाच्या पूर्वेला कॉमस्टॉकची चांदीची शीर (खडकातला धातूचा पट्टा) सापडली आणि पुढच्याच वर्षी तो व्हर्जिनिया सिटीत दाखल झाला. त्याच्या कारकिर्दीचा हा सर्वांत समृद्ध भाग आहे, कारण तिथला मुख्य वाद कायद्याचा जितका होता तितकाच भूगर्भाचाही होता. छावणीच्या नियमानुसार दावा जमिनीच्या तुकड्यावर नसून शिरेवर असे, आणि ती शीर तिरकी होत शेजाऱ्याच्या जागेखाली गेली तरी मूळ दावेदाराला तिचा पाठलाग करण्याचा हक्क असे. कॉमस्टॉकची शीर पृष्ठभागाजवळ पश्चिमेकडे कललेली दिसत होती आणि खोल गेल्यावर तीच पूर्वेकडे वळत होती, शिवाय मध्ये मातीचे आणि निकृष्ट खडकाचे पट्टे होते. त्यामुळे नंतर आलेल्या मंडळींनी जवळच समांतर दावे मांडले आणि या वेगवेगळ्या शिरा असल्याचे सांगितले. ओफिरसारख्या जुन्या कंपन्यांचा वकील म्हणून स्ट्युअर्टचा युक्तिवाद असा होता की खाली गेल्यावर हे सगळे फाटे एकाच शिरेत मिळतात, आणि म्हणून सगळी चांदी पहिल्या दावेदारांची आहे. ओफिर विरुद्ध बर्निंग मॉस्को आणि चोलर विरुद्ध पोटोसी हे खटले याच प्रश्नावर लढले गेले. दोन्ही बाजू आपापले खाणतज्ज्ञ साक्षीला आणत, बोगद्यांचे नकाशे मांडत आणि ज्यूरीला पटवण्याचे इतरही मार्ग वापरत. कॉमस्टॉकच्या खटल्यांवर साधारण एक कोटी डॉलर खर्च झाल्याचा अंदाज पुढे मांडला गेला आहे, आणि त्या पैशाचा चांगला मोठा वाटा स्ट्युअर्टच्या फीच्या रूपाने त्याच्या खिशात गेला.

खाली उतरून पाहिल्यावर एकच शीर असल्याचे त्याचे म्हणणे बव्हंशी खरे निघाले. परंतु ते खरे ठरण्याआधीच त्याला न्यायाधीश अनुकूल हवे होते, आणि ते नव्हते. नेवाडा तेव्हा अजून राज्य न झालेला, केंद्राच्या अखत्यारीतला प्रदेश होता, न्यायाधीश वॉशिंग्टनहून नेमले जात, आणि त्यांच्यापैकी जॉन नॉर्थचा कल अनेक शिरा मानण्याकडे होता. १८६४ च्या उन्हाळ्यात स्ट्युअर्टने वृत्तपत्रांतून आणि सभांमधून न्यायाधीशांवर भ्रष्टाचाराचे आरोप करत मोहीम उघडली, हजारो सह्यांचा अर्ज छापून आला आणि ऑगस्टमध्ये तिन्ही न्यायाधीशांनी राजीनामे दिले. नॉर्थने बदनामीचा दावा लावला, तो पंचांपुढे गेला आणि त्यांनी नॉर्थवरचे आरोप निराधार ठरवले. तोपर्यंत स्ट्युअर्ट सिनेटमध्ये पोहोचला होता.

कायदेमंडळातला त्याचा प्रवेश याच लढाईचा भाग होता. नेवाडा प्रदेश १८६१ मध्ये स्थापन झाल्यावर तो पहिल्या प्रादेशिक विधिमंडळात होता आणि १८६३ च्या घटना अधिवेशनातही होता. त्या अधिवेशनात त्याने खाणींवर सरसकट कर लावण्यास विरोध केला आणि तो हरला. तरीही राज्य व्हावे म्हणून त्याने मसुद्याचा प्रचार केला, परंतु मतदारांनी जानेवारी १८६४ मध्ये मसुदा मोठ्या फरकाने फेटाळला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या मसुद्यात कर फक्त खाणीच्या निव्वळ उत्पन्नावर आला आणि तो मंजूर झाला. निवडणुकीआधी राज्याला मान्यता मिळावी म्हणून संपूर्ण राज्यघटना तारेने वॉशिंग्टनला पाठवली गेली, तिचे बिल ३,४०० डॉलरच्या वर गेले, आणि ३१ ऑक्टोबर १८६४ रोजी नेवाडा राज्य झाले. स्ट्युअर्ट त्याच्या पहिल्या दोन सिनेटरांपैकी एक होता. (मार्क ट्वेन काही काळ त्याचा खासगी सचिव होता आणि दोघांचे पटले नाही, एवढे सांगून तो विषय सोडतो.)

गृहयुद्धाच्या कर्जाखाली दबलेल्या सरकारला खाणींच्या जमिनी विकून पैसा उभा करावा असे इंडियानाच्या जॉर्ज ज्युलियनचे मत होते, आणि प्रतिनिधिगृहाची सार्वजनिक जमीन समिती त्याच्या हाती होती. स्ट्युअर्टने त्या समितीला वळसा घातला. प्रतिनिधिगृहातून पाण्याच्या चरांना आणि कालव्यांना वाट देण्याविषयीचे एक निरुपद्रवी विधेयक सिनेटमध्ये आले होते. त्यातला मजकूर काढून तिथे खाणींचा कायदा घालण्यात आला आणि शीर्षक तसेच ठेवण्यात आले. २६ जुलै १८६६ रोजी हा कायदा झाला आणि छावण्यांच्या रिवाजांना प्रथमच केंद्राच्या कायद्याचे बळ मिळाले. १८७२ च्या कायद्याने हीच व्यवस्था पक्की केली. शिरेवरचा दावा लांबीला १,५०० फूट आणि रुंदीला ६०० फुटांपर्यंत ठरला, दरवर्षी १०० डॉलरचे काम करणे बंधनकारक झाले आणि अटी पूर्ण झाल्यावर एकरी पाच डॉलरला मालकीची सनद मिळू लागली. सनदांसाठी नवे अर्ज घेणे १९९४ पासून थांबलेले आहे, दावे मात्र अजून चालू आहेत.

दुसरे मोठे काम म्हणजे पंधरावी घटनादुरुस्ती. वंश, वर्ण किंवा पूर्वीची गुलामी या कारणांवरून मताधिकार नाकारता येणार नाही, हे कलम १८६९ च्या फेब्रुवारीत सिनेटमधून पार करून नेण्याची जबाबदारी त्याच्याकडे होती, आणि १ मार्च रोजी तिला मान्यता देणारे पहिले राज्य नेवाडा ठरले. पदे धारण करण्याच्या हक्काचे शब्द दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीत गळाले, जन्मस्थानाचा उल्लेख आला नाही, साक्षरतेच्या आणि कराच्या अटींवर बंदी आली नाही. दक्षिणेतल्या राज्यांनी पुढे नेमक्या याच मोकळ्या जागांतून कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेतला.

भूस्तर

लेख नेटका आहे. भूशास्त्राच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण या कायद्याचा खरा त्रास तिथे आहे. शिरेचा माथा (तिचे पृष्ठभागाकडचे वरचे टोक) ज्याच्या दाव्याच्या आत आहे त्याने तिच्या नतीच्या, म्हणजे कलाच्या, दिशेने हवे तितके खोल आणि शेजाऱ्याच्या जमिनीखालीही जावे, हे तत्त्व एखादी जाडजूड, सलग शीर गृहीत धरते. निसर्गात शिरा फुटतात, भ्रंशांनी सरकतात, लुप्त होतात आणि पलीकडे पुन्हा प्रकट होतात. १८७७ मध्येच नेवाडातल्या युरेका येथील खटल्यात, चुनखडकाच्या मोठ्या पट्ट्यात विखुरलेले धातुक (धातू असलेला खडक) कायद्याच्या दृष्टीने एक शीर मानायचे की नाही, असा प्रश्न न्यायालयापुढे आला होता.

माँटानातल्या ब्यूट येथे ऑगस्टस हाइन्झ याने तर या तत्त्वाचा व्यवसायच केला. जिथे दुसऱ्याची तांब्याची खाण चालू असेल तिथे शेजारची एखादी चिंचोळी पट्टी मिळवायची, शिरेचा माथा आपल्याकडे आहे असा दावा लावायचा आणि खाली बोगदे एकमेकांत घुसवायचे, ही त्याची पद्धत होती. मोठ्या तांबे कंपनीच्या खाणींच्या मध्ये उरलेला अगदी टीचभर, कोणाच्याच नावावर नसलेला तुकडा शोधून त्याने त्यावर दावा मांडला होता आणि न्यायालयाकडून आसपासच्या खाणी काही काळ बंदही पाडल्या होत्या. स्ट्युअर्टने छावणीचा रिवाज जसाच्या तसा उचलून देशाला लागू केला, त्याचे हे फळ आहे. मेक्सिकोच्या स्पॅनिश परंपरेतल्या खाण कायद्यात दाव्याच्या उभ्या सीमारेषा होत्या, आणि तो नमुना त्याच्या डोळ्यांसमोर होता.

पाटकरी

मूळ लेखात पाण्याचा उल्लेख येऊन गेला, परंतु माझ्या मते १८६६ च्या कायद्याचे नववे कलम हा त्यातला सर्वांत दूरगामी भाग आहे. खाणींसाठी लांबून चर काढून पाणी आणावे लागे, म्हणून ज्याने आधी पाणी वळवले त्याचा हक्क पहिला, हा छावण्यांचा दुसरा रिवाज होता. नदीकाठी जमीन असण्याशी त्याचा संबंध नव्हता. या कलमाने सार्वजनिक जमिनीवर त्या रिवाजाला मान्यता दिली, आणि पश्चिमेतल्या कोरड्या राज्यांचा पाणी कायदा पुढे त्याच पायावर उभा राहिला.

पाण्याच्या प्रश्नावर त्याची दुसरी खेळी इतकी फलदायी नव्हती. १८८७ मध्ये सिनेटमध्ये परतल्यावर तो कोरडवाहू जमिनींच्या सिंचनाविषयीच्या समितीचा अध्यक्ष झाला आणि १८८९ च्या उन्हाळ्यात भूसर्वेक्षण खात्याचा प्रमुख जॉन वेस्ली पॉवेल याला बरोबर घेऊन समितीने पश्चिमेचा दौरा केला. पॉवेलचे म्हणणे होते की आधी प्रत्येक खोऱ्यातले पाणी मोजावे, जलाशयांच्या जागा ठरवाव्यात आणि मगच वसाहतींना जमीन द्यावी. मोजणी संपेपर्यंत जमिनी अडकून पडतात हे दिसताच स्ट्युअर्ट त्याचा कट्टर विरोधक झाला आणि १८९० मध्ये काँग्रेसने सिंचन सर्वेक्षणाचा निधी तोडला. पुढच्या शतकात पश्चिमेतल्या नद्यांची जी ओढाताण झाली ती पाहता पॉवेलचा धीमेपणा मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

नाणेघाट

चांदीवर कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. इथे मुंबईचाही संबंध येतो. फेब्रुवारी १८७३ च्या नाणे कायद्याने अमेरिकेत चांदीचा डॉलर पाडण्याची मुभा काढून घेतली, आणि पुढे चांदीवाल्यांनी (चांदीचे नाणे हवे असणाऱ्यांनी) त्याला ‘१८७३ चा गुन्हा’ म्हटले. स्ट्युअर्टने त्या कायद्याच्या बाजूने मत दिले होते आणि पुढच्या वर्षी सोन्याची तरफदारी करणारी भाषणेही केली होती. १८८७ नंतर मात्र तो चांदीचा सर्वांत बोलका वकील झाला, रिपब्लिकन पक्ष सोडून सिल्व्हर पार्टीत गेला, आणि विरोधक त्याची जुनी भाषणे सभागृहात वाचून दाखवू लागले तेव्हा, कायद्यात काय दडले आहे ते आम्हाला सांगितलेच नव्हते, असे म्हणू लागला. खाण कायद्याचे शीर्षक तसेच ठेवून आतला मजकूर बदलणाऱ्या माणसाच्या तोंडी हा बचाव जरा गमतीचा वाटतो.

१८९० च्या शेरमन कायद्याने अमेरिकेचे सरकार महिन्याला ४५ लाख औंस चांदी विकत घेत होते. दुसरा मोठा ग्राहक हिंदुस्थान होता, कारण मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळीत कोणीही चांदी नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. चांदी घसरत चालल्यामुळे लंडनला सोन्यात पाठवायच्या रकमेसाठी सरकारला दरवर्षी अधिक रुपये लागत होते, आणि शेवटी २६ जून १८९३ रोजी हिंदुस्थान सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. न्यूयॉर्कमध्ये औंसाला ऐंशी सेंटच्या वर असलेला भाव काही दिवसांतच पासष्ट सेंटच्या आसपास कोसळला. अध्यक्ष क्लीव्हलंडने ऑगस्टमध्ये काँग्रेसचे खास अधिवेशन बोलावले, स्ट्युअर्टने सिनेटमध्ये भाषणांची लांबण लावून विरोध केला, तरी १ नोव्हेंबर रोजी शेरमन कायद्यातली चांदी खरेदी रद्द झाली.

आपल्याकडे याचा फटका वेगळ्या बाजूने बसला. मुंबईच्या गिरण्यांचे सूत चीनला जात होते आणि चीन चांदीवरच चालत होता. रुपया चांदीपासून तोडून वर धरला गेल्यावर चीनच्या गिऱ्हाइकाला तेच सूत महाग पडू लागले, आणि गिरणीमालकांनी त्याविरुद्ध ओरड केली. दादाभाई नौरोजींनीही १८९८ च्या चलन समितीपुढे टांकसाळी बंद करण्यावर कडक टीका केली, कारण रुपया कृत्रिमरीत्या महाग झाला की तेवढाच सारा भरायला रयतेला अधिक धान्य विकावे लागते. स्ट्युअर्टचे पक्षकार नेवाडाचे खाणमालक होते आणि दादाभाईंसमोर इथला शेतकरी होता, तरी त्या दशकात दोघेही एकाच धोरणाविरुद्ध उभे होते, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे.

साक्षीदार

वैनतेय यांचे मुख्य विधान मला अन्यायकारक वाटते. कॅलिफोर्नियात चिनी खाणवाल्यांकडून परदेशी म्हणून वेगळा कर उकळला जात होता. १८७० मध्ये स्ट्युअर्टने जो मजकूर मांडला आणि जो त्या वर्षीच्या अंमलबजावणी कायद्याचे सोळावे कलम झाला, त्यात केवळ नागरिकांना नव्हे, तर अधिकारक्षेत्रातल्या ‘सर्व व्यक्तीं’ना करार करण्याचा, साक्ष देण्याचा आणि समान कर भरण्याचा हक्क दिला आहे. हे कलम अमेरिकेच्या कायद्यात आजही जिवंत आहे. पश्चिमेतल्या गोऱ्या मतदारांचा चिन्यांवरचा राग पाहता हे कलम मांडण्यात राजकीय फायदा शून्य होता. इथे पक्षकार कोण होता, हे त्यांनी सांगावे.

निशिगंधा

साक्षीदार यांच्याशी अर्धी सहमती आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये सिनेटर चार्ल्स सम्नरने नागरिकत्व कायद्यातून ‘गोरा’ हा शब्दच काढून टाकण्याची सूचना आणली, आणि तिला सर्वांत आवेशाने विरोध करणाऱ्यांत स्ट्युअर्ट होता, कारण तसे झाले तर चिनी लोक नागरिक झाले असते. शेवटी कायद्यात आफ्रिकी जन्माच्या आणि वंशाच्या लोकांची भर पडली आणि ‘गोरा’ तसाच राहिला. १९२३ मध्ये अमेरिकेत राहणारे भारतीय भगतसिंग थिंद यांना सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्व नाकारले ते याच शब्दाच्या आधारे. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित हे अहमदाबादेत जन्मलेले होते. त्यांचेही नागरिकत्व काढून घेण्याचा सरकारने प्रयत्न केला, परंतु स्वतःचा खटला त्यांनी अपील न्यायालयात १९२६ मध्ये जिंकला. सम्नरची सूचना त्या दिवशी टिकली असती तर या दोघांना न्यायालयाची पायरी चढावी लागली नसती.

वैनतेय

सर्व प्रतिसादांसाठी आभार. साक्षीदार यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की स्ट्युअर्ट सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचा सिनेटमधला भरवशाचा माणूस होता, आणि सिएरा ओलांडणारा तिचा मार्ग हजारो चिनी मजुरांनी बांधला होता. मजूर यावेत, सुरक्षित राहावेत, परंतु मतदार होऊ नयेत, ही भूमिका मालकवर्गाला सोयीची होती, आणि १८७० मधली त्याची दोन्ही मते तिच्यात बसतात. सोळाव्या कलमाचे मोल त्यामुळे कमी होत नाही, आणि त्यात त्याची स्वतःची न्यायबुद्धी मुळीच नव्हती असा माझा दावा नाही.

पंधराव्या दुरुस्तीविषयी मात्र मी अधिक ठाम आहे. दक्षिणेतल्या निवडणुकांवर केंद्राची देखरेख आणणारे विधेयक १८९० च्या अखेरीस सिनेटपुढे होते. जानेवारी १८९१ मध्ये ते बाजूला सारून चलनविषयक विधेयक चर्चेला घेण्याचा ठराव मांडला तो स्ट्युअर्टने, आणि चांदीवाले रिपब्लिकन व दक्षिणेतले डेमोक्रॅट यांच्या मतांनी तो मंजूर झाला. निवडणूक विधेयक थोड्या दिवसांनी पुन्हा चर्चेला आले, परंतु त्याच महिन्यात कायमचे बाजूला पडले. स्वतः पार करून नेलेल्या दुरुस्तीच्या अंमलबजावणीची त्या शतकातली शेवटची मोठी संधी त्याने चांदीच्या मोबदल्यात सोडून दिली.

साक्षीदार

हा मुद्दा मान्य आहे. त्याच यादीत युटातल्या एमा खाणीचे प्रकरण जोडावे लागेल. १८७१ मध्ये सिनेटर असतानाच स्ट्युअर्टने ही खाण लंडनमध्ये दहा लाख पौंड भांडवलाच्या कंपनीमार्फत विकण्यात भाग घेतला आणि तिच्या संचालक मंडळावरही बसला. खाणीवर हक्क सांगणारा जेम्स लायन हा त्याचाच पक्षकार होता, आणि त्याला मूळ बोलणीपेक्षा बऱ्याच कमी रकमेवर तडजोड करायला लावण्यात स्ट्युअर्टचा हात होता. वर्षभरात धातुक संपले, इंग्लंडमधले भागधारक बुडाले, संचालक म्हणून नाव दिलेल्या लंडनमधील अमेरिकी राजदूताला पद सोडावे लागले आणि १८७६ मध्ये काँग्रेसने चौकशी केली. वैनतेय यांच्या विधानात म्हणून एक दुरुस्ती सुचवतो, की पक्षकाराशी त्याची निष्ठाही दुसऱ्या टोकाला किती पैसा आहे यावर अवलंबून होती.

भूस्तर

१९०५ मध्ये सिनेट सोडल्यावर, सत्तरीच्या उत्तरार्धात, तो दक्षिण नेवाडातल्या बुलफ्रॉग या नव्या खाण-छावणीत जाऊन पुन्हा वकिली करू लागला. वाळवंटातल्या त्या भागात तेव्हा सोन्याची धावपळ चालू होती. २३ एप्रिल १९०९ रोजी तो वॉशिंग्टनमध्ये वारला. शिरेच्या माथ्याचा वाद त्यानंतरही मिटला नाही. नेवाडातल्याच टोनोपाह येथे एक शीर घुमटासारखी वाकलेली होती आणि तिच्या दोन्ही बाजू दोन दिशांना उतरत होत्या, तेव्हा तिचा माथा कुठे मानायचा हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९१८ मध्ये त्याचा निकाल लागला. दरम्यान अनेक कंपन्यांनी आपसांत करार करून हा हक्क सोडून दिला आणि सरळ उभ्या रेषांच्या सीमा मान्य केल्या, कारण वकिलांची फी धातुकाच्या किमतीला भिडू लागली होती.